आत्याबाईंची कात्री

आत्याबाईंच्या भिंतीतल्या फडताळाला तीन कप्पे होते आणि मधला कायम रिकामा असे. खालच्या कप्प्यात त्यांची लुगडी आणि एक घोंगडी. वरच्यात अडकित्ता, सुईदोरा आणि एक मोठी, काळी पडलेली कात्री. मधल्या कप्प्यात काहीच नाही. तो मात्र त्या रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत.

मी त्या वेळी जळगाव जामोदच्या शाळेत मास्तर होतो आणि आत्याबाईंच्या भाच्याच्या घरात बाहेरची खोली भाड्याने घेतली होती. लहानपणीच विधवा होऊन त्या भावाच्या घरी परत आल्या होत्या. भाऊ गेला, भावजय गेली, आणि आता घर भाच्याचं होतं. सगळा गाव त्यांना आत्याबाईच म्हणायचा. मी राहायला गेलो त्या दिवशी माझ्या पेट्या अजून उघडल्याही नव्हत्या, तोच त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काऊन रे मास्तर, एवढं कायचं सामान आणलं?"

"पुस्तकं आहेत, आत्याबाई. आणि पत्रकं."

"कायची पत्रकं?"

हा प्रश्न मला विचारायला नको होता. माझं घरच पत्रकांचं. माझी बाराखडी जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गिरवलेली. खादी, दारूबंदी, अस्पृश्यतेचं पाप, मुलींचं शिक्षण, मी एकेक गठ्ठा उघडून तावातावाने सांगत गेलो. आत्याबाई उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत राहिल्या.

"हे सारं तू वाचलं?"

"कितीतरी वेळा."

"मंग आता पेटीत काऊन निजवून ठेवलं? इंग्रजाले इथं पेटीपाशी बोलावशील का वाचाले?"

पुढच्या बाजाराला त्यांनी माझ्याकडून दोन गठ्ठे उचलवून घेतले आणि मीठ-मिरचीवाल्यांच्या पालांत वाटायला लावले. मी म्हणालो, "हे लोक याच्या पुड्या बांधतील." त्या म्हणाल्या, "बांधू दे न. मीठ घरी जाईन त तुहा कागदही घरी जाईन. चुलीपुढं बसून वाचन कोणी." पुढे मी पुष्कळ ठिकाणी पत्रकं वाटली, पण यापेक्षा चांगली युक्ती कुठल्या कार्यकर्त्याने मला शिकवली नाही.

त्यांची खोड गावभर माहीत होती. कुणाच्याही घरी गेल्या की त्यांची नजर आधी माळ्याकडे, मग खुंट्यांकडे, मग खाटेखाली जायची. एखादी वस्तू हातात घ्यायच्या आणि तिलाच विचारायच्या, "तुहं काम काय वं बाई?" वस्तू काही बोलायची नाही. मग घरमालकिणीकडे पाहायच्या. फुटक्या रांजणाची, बिनपायाच्या पाटाची, गळक्या घंगाळाची बाजू मांडताना गावातल्या बायांची तिरपीट उडायची. आत्याबाई येताना दिसल्या की काही जणी फुटकी बरणी दारामागे सरकवत. "लपव, लपव," आत्याबाई अंगणातूनच ओरडत. "आज तू तिले लपवून राह्यली, उद्या ते तुले घराबाहीर काढन!"

पण त्या आंधळेपणाने फेकाफेकी करणाऱ्या नव्हत्या. शेजारच्या म्हाताऱ्याच्या कोनाड्यात त्याच्या गेलेल्या मुलाचे जोडे होते. एकदा मी पाहिलं, आत्याबाईंनी ते काढले, पदराने पुसले, बोटांनी आतली धूळ काढली आणि होते तसे परत ठेवले. "याचं काम हाये," एवढंच म्हणाल्या.

माझ्याशी त्यांचं मोठं भांडण झालं ते विलायती कापडाच्या होळीवरून. मी घरोघर फिरून कापड गोळा करत होतो. मालकीणबाईंनी, म्हणजे भाच्याच्या बायकोने, कसर लागलेला एक कोट काढून दिला. मी तो मोठ्या अभिमानाने ढिगावर टाकला. आत्याबाईंनी तो ढीग काठीने उलथापालथा केला आणि म्हणाल्या, "मास्तर, लोकं तुह्या होळीत सडकं टाकून राह्यले, अन् तू भाषण करून राह्यला. चांगलं विलायती अजून पेटीतच हाये त्याइच्या." मी चिडलो. त्याग, प्रतीक, राष्ट्र, बरंच काही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेटी उघडाले लाव न. थे जमते का तुले?" ते मला जमत नव्हतं. खरं तर कुणालाच जमत नव्हतं.

पेटी म्हणजे अहेराची पेटी. आमच्याकडे लग्नाला, बारशाला गेलं की बाईची ओटी खणाने भरतात. हा खण चोळीचा, पण त्याची चोळी कुणी शिवत नाही. तो पेटीत जातो, आणि दुसऱ्याच्या लग्नात दुसऱ्याच्या ओटीत पडतो. तीही तो पेटीत ठेवते. असे खण वऱ्हाडात गावोगाव हिंडत असतात आणि बायांच्या अंगावर मात्र ठिगळांच्या चोळ्या असतात. मालकीणबाईंच्या अशा पेट्यांची एक उतरंडच होती. कुठला खण कुणाकडून आला हे त्यांना तोंडपाठ असे, कारण ज्याचा खण त्याच्याच घरी परत गेला तर सोयरीक तुटायची वेळ येते.

आत्याबाईंनी एकदा कुणाच्या नकळत एका हिरव्या खणाच्या कोपऱ्यात आतून लाल दोऱ्याचा टाका घातला आणि तो संग्रामपूरच्या एका लग्नात द्यायला लावला. ती नवरी मोठी झाली, तिला मुलं झाली, आणि मग तो खण भलत्याच घराण्याच्या बारशातून आमच्या मालकीणबाईंच्या ओटीत येऊन पडला. लाल टाका जसाच्या तसा. घड्यांवर मात्र कापड चिरत चाललं होतं. आत्याबाईंनी तो सगळ्या बायांपुढे फडकावला. "पाह्य! माह्यापेक्षा जास्त गावं फिरून आला हा. अन् एका बाईच्या अंगाले लागला नाई!"

त्यानंतरच्याच एका लग्नात त्यांनी कमरेची कात्री काढली आणि मालकीणबाईंच्या ओटीत नुकताच पडलेला कोरा खण भर मांडवात मधोमध कापला. कापून तो एका उघड्या दंडाच्या पोरीच्या हातात दिला. मांडवात हलकल्लोळ. शुभकार्यात कात्री, तीही विधवेच्या हातची! नवरीचा काका धावत आला. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "चोळी कापडाची होते न भाऊ? का घडीची होते?" तेव्हापासून त्या भागात लग्न असलं की आत्याबाईंचं पान सगळ्यांत आधी वाढत आणि अहेर सुरू व्हायच्या आत त्यांना गाडीत बसवून देत.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग मालकांची मुलगी घरी परत आली.

मी तिला ताई म्हणत असे. माझ्यापेक्षा ती लहान होती. नवरा तापाने गेला आणि सासरच्यांनी तिला एका लाकडी पेटीसह गाडीत बसवून बापाकडे पोचतं केलं. त्या एवढ्या घरात तिच्या पेटीला जागा नव्हती. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात तिचं अंथरूण पडू लागलं. पहिल्याच दिवशी ती आईला मदत म्हणून अहेराची पेटी उचलायला गेली, तर आई घाईघाईने म्हणाली, "राहू दे माय, त्या पेटीले तू हात नोको लावू." का, ते तिने सांगितलं नाही आणि ताईनेही विचारलं नाही. विधवेचा हात लागलेला खण सवाष्णीच्या ओटीत चालत नाही, हे आमच्याकडे पोरीसोरींनाही कळतं. आत्याबाई चुलीपाशी बसून हे ऐकत होत्या. त्या उठल्या, ताईची पेटी स्वतः उघडली, आणि तिची लुगडी आपल्या फडताळाच्या मधल्या कप्प्यात लावून टाकली.

"कोणी ना कोणी येतच असते," त्या मला म्हणाल्या. "मी आल्ली होती तवा या घरात एक कप्पा रिकामा नव्हता. गाठोडं उशाशी घेऊन निजत होती मी, किती वर्षं त मलेच माहीत."

ताई लग्नाआधी चौथी शिकली होती. तिला आता मराठी सातवीच्या परीक्षेला बसायचं होतं. ती पास झाली तर नॉर्मल स्कूलला, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत, जाता येणार होतं, मुलींच्या शाळेत नोकरी मिळणार होती. म्हणजे बोळातून बाहेर पडायचा तेवढा एकच रस्ता होता. माझ्या गठ्ठ्यांत स्त्रीशिक्षणावर ढीगभर मजकूर होता, पण बोळात बसून अभ्यास कसा करायचा हे एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. त्या बोळातून दिवसभर माणसं, घागरी आणि वासरंसुद्धा जात. ताई डाळ निवडता निवडता मांडीवर पुस्तक ठेवायची. तिच्या भूगोलावर हळदीची बोटं उमटली होती. उजेडाची, दार लावता येईल अशी खोली घरात एकच होती, आणि ती सामानाची होती. तिची पूर्वेची खिडकी मोडक्या खाटांनी बुजून गेली होती.

मी मालकांना खोलीबद्दल विचारलं. ते वाईट नव्हते. मुलीच्या पानात तूप वाढलं की नाही हे ते रोज डोळ्यांनी पाहत. मी त्यांना अर्धा तास ऐकवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुमचं खरं हाये मास्तर. पण जागा कुठी हाये?" दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तेच. नाही म्हणायचं नसतं तेव्हा माणसं जागेचं नाव पुढे करतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आत्याबाईंना कळत होतं. एकदा जानेफळहून पाहुणे आले होते आणि ओट्यावर पानसुपारी चालली होती. कुणीतरी ताईच्या शिकण्याचा विषय काढला. मालक सुस्कारा टाकून म्हणाले, "आता काय सांगू? जागा असती त आजच देल्ली असती खोली. माह्यं कुठी नाई हाये?"

आत अडकित्त्याचा आवाज थांबला. आत्याबाई दारात आल्या.

"काय म्हणला भाऊ? पुन्हा म्हण."

"जागा असती त देल्ली असती म्हणलं, आत्या."

"पाहुणे, तुम्ही ऐकलं न?"

"हाव, ऐकलं," पाहुणे हसत म्हणाले. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय.

दोन दिवसांनी मालक कापसाच्या गाड्या घेऊन खामगावच्या बाजाराला गेले. गुरं रानात गेली, आणि आत्याबाईंनी पदर खोचला. सामानाच्या खोलीतून आधी बिनदोरीच्या खाटा निघाल्या. मग छकड्याचा फाटका टप, पाळण्याची एकच बाजू, उंदरांनी खाल्लेलं खोगीर. प्रत्येक वस्तूला "तुहं काम काय वं?" हा सवाल होत होता आणि उत्तर न देणारी वस्तू अंगणात जात होती. खिडकी मोकळी झाली. तिचं दार उघडल्यावर जे ऊन आत आलं ते पाहून मालकीणबाईही क्षणभर थबकल्या. मग त्यांचं लक्ष अहेराच्या पेट्यांकडे गेलं, आणि त्या पुढे होऊन उतरंडीपुढच्या सगळ्यांत मोठ्या पेटीवर बसल्या.

"हे नाई, आत्याबाई. बाकी सारं न्या. हे माह्यं हाये."

त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. त्या घरातली जमीन मालकांची, गुरं मालकांची, कापूस मालकांचा. कुणाला काय द्यायचं हे बाईच्या मर्जीवर चालावं अशी जागा त्या पेट्याच. त्यांत त्यांची इज्जत घडी घालून ठेवलेली होती. मी दारात उभा होतो. आत्याबाईंनी मागे वळून हाक मारली, "पोरी, इकडं ये वं. हात धुऊन ये."

ताई आली. हात ओले होते.

"हे वरची पेटी उघड. एकेक खण काढ, घडी मोड, अन् मले दे."

"नोको!" मालकीणबाई किंचाळल्या. "तिचा हात..."

आणि थांबल्या.

ताई पेटीशी वाकलेली, तशीच राहिली. तिने आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बोल न सूनबाई," आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या आवाजात टोमणा नव्हता. "पुरं बोल. तिचा हात काय? माह्याबद्दल त सारे बोलले, मले सवय हाये. तिच्याबद्दल तू बोल. तू माय हायेस तिची."

मालकीणबाई पेटीवरून उठल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, कुलूप उघडलं, झाकण वर केलं. सगळ्यांत वरचा खण जांभळा होता, रेशमी काठाचा. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि मुलीच्या ओल्या हातांत ठेवला. हातांवर हात तसेच राहिले. त्या रडायला लागल्या आणि ताईने तो खण आईच्या डोळ्यांना लावला.

मी तिथून निघून माझ्या खोलीत जाऊन बसलो. ते माझं पाहायचं नव्हतं.

दुपारभर त्या तिघी खण उलगडत होत्या. कितीतरी खण घड्यांवरच तुटून हातात आले. वर्षानुवर्षं जपलेल्या इज्जतीच्या नुसत्या पट्ट्या. जे चांगले निघाले त्यांच्यावरून आत्याबाईंची कात्री फिरली. कापूस वेचणाऱ्या बाया संध्याकाळी रानातून परतल्या तेव्हा त्यांना हाका मारून दंडाचं माप घेणं चाललं होतं, आणि माप मालकीणबाई घेत होत्या.

मालक परत आले तेव्हा खोली सारवलेली होती. खिडकीखाली ताईची लाकडी पेटी, तिच्यावर पुस्तकं. ते उंबऱ्यात उभे राहिले. आत्याबाई त्यांच्या मागे.

"हे पाह्य भाऊ, जागा."

मालक भिंतींकडे पाहत होते. मग म्हणाले, "आत्या, लोकं काय म्हणतील? विधवा पोर, वेगळी खोली, दार लावून बसन..."

"हां!" आत्याबाईंनी टाळी वाजवली. "आता खरं बोलला माह्या भाऊ! इतके दिवस बिचाऱ्या पेट्याइवर आळ घेऊन राह्यला होता!"

मालकांना हसू आवरलं नाही आणि रडूही. शेवटी म्हणाले, "परीक्षेपुरती देतो."

"परीक्षेपुरती त परीक्षेपुरती."

पण रिकामी जागा या घराला सोसत नव्हती. दोन दिवस ठेवतो म्हणून एक सरकीचं पोतं आलं. पावसात भिजेल म्हणून नांगराचा फाळ आला. आत्याबाईंनी भांडण केलं नाही. जे येईल ते उचलून त्या मालकांच्या अंथरुणावर नेऊन ठेवत. मालक निजायला गेले की तिथून ओरडत, "आत्या, हा फाळ इथं कोणं ठेवला?" आणि इकडून उत्तर जाई, "जागा कुठी होती रे भाऊ?" फाळ खोलीत परत कधी गेला नाही.

ताई त्या खोलीत शिकली. पास झाली. निकाल आला त्या दिवशी आत्याबाईंनी मला आठवणीने विचारलं, "मास्तर, बायाइच्या शिक्षणाचे तुहे कागद उरले का अजून?" मी म्हणालो, एक गठ्ठा आहे. "मंग वाट न. आता लोकं वाचतील. गावात पास झालेली पोर हाये आता."

मी पुढे जळगाव जामोद सोडलं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात आत्याबाई गेल्या होत्या. आवरायला काही नव्हतं. कात्री ताईने घेतली.

परवा जानेफळला गेलो होतो. ताई तिथे मुलींच्या शाळेत शिकवते. शाळेमागेच तिची खोली आहे. आत गेलो आणि सवयीने माझी नजर भिंतीतल्या फडताळाकडे गेली. तीन कप्पे. मधल्या कप्प्यात दोन पांढरी लुगडी घडी करून ठेवलेली होती.

"हा कप्पा भरला की," मी म्हणालो.

"आई आली," ताई म्हणाली.

मालक गेल्याचं मला कळलं होतं. आतल्या दाराशी चटईवर त्यांच्या बायको बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. त्यांनी मला ओळखलं. "बसा मास्तर," म्हणाल्या. मग कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या, "पोराचं लग्न झालं, घरी सून आली. चांगली हाये पोर. पण पेटी उघडाले गेली मी, त म्हणते, राहू द्या सासूबाई, तुम्ही हात नोका लावू."

ताईने कात्री उचलून त्यांच्या हातात दिली.

"इथं बरं हाये," त्या म्हणाल्या. "इथं हाताले काम हाये."

त्यांच्यापुढे एक कोरा हिरवा खण पसरला होता. शाळेतली एक पोरगी दंड पुढे करून उभी होती. मालकीणबाईंनी वितीने माप घेतलं, घडी मोडून कापड सरळ केलं, आणि त्यातून ती काळी पडलेली कात्री कर्र करत आरपार नेली.